दुकानाच्या मागची खोली

स्मरणिका काढायची ठरली की तीन गोष्टींवर आधी चर्चा होते: जाहिराती कोण गोळा करणार, मुखपृष्ठावर कशाचा फोटो आणि संस्थेचा इतिहास कोण लिहिणार. पहिल्या दोन कामांना माणसं मिळतात. तिसरं काम शाळेतून निवृत्त झालेल्या माणसाच्या गळ्यात पडतं, कारण त्याच्याकडे वेळच वेळ असतो असा गावाचा पक्का समज असतो. तसं ते माझ्या गळ्यात पडलं.

अडचण एवढीच की आम्हा पक्षी बघणाऱ्या मंडळींचा इतिहास अर्ध्या पानात संपतो. जळकोटात आमच्या शेठचं बी-बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. दुकानाच्या मागं पोती ठेवायची खोली. रविवारी पहाटे पाच-सात जण तिथं जमतो, चहा होतो, मोटारसायकली निघतात, माळावर दोन-तीन तास पाय तुडवून परत येतो आणि काय दिसलं ते लिहून ठेवतो. संस्था नोंदवलेली नाही, घटना नाही, अध्यक्ष नाही. आहे ती एक वही. लाल कापडी बांधणीची, लांबट, उधारी मांडायची. शेठनी पाडव्याला नव्या वह्या आणल्या त्यातली एक आमच्याकडे सरकवली. रकाने जमा-नावेचेच राहिले. नावेच्या बाजूला तारीख आणि जागा, जमेच्या बाजूला पक्षी. तालमीला गेलेल्या पोरानं हनुमानाच्या पाया पडावं तसा आमच्यातला प्रत्येकजण माळावरून आल्यावर आधी त्या वहीला हात लावतो.

“सर, इतिहास कशाला लिहिता? वहीच छापा की,” शेठ म्हणाले.

वही छापण्यासारखी नाही. तिच्यात मधेच युरियाचे भाव आहेत आणि एका पानावर कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाची पाहुण्यांची यादी आहे. पण शेठच्या त्या वाक्यानं मला दुसरी एक खोली आठवली. ती जळकोटची नव्हे, मुंबईची. तीही दुकानाच्या आतलीच, आणि दुकानही कसलं, तर विलायती दारूचं. तिथं उभी राहिलेली संस्था पुढं हिंदुस्थानभर पसरली, आमच्या या मराठवाड्याच्या माळापर्यंत येऊन पोहोचली. आमच्या स्मरणिकेत त्या थोरल्या संस्थेचा आणि तिला खोली देणाऱ्या व्यापाऱ्याचा इतिहास यावा, असं मी ठरवलं. कुणाची हरकत असेल तर पुढच्या स्मरणिकेचं काम त्यानं घ्यावं.

१५ सप्टेंबर १८८३ या दिवशी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ माणसं जमली. हौस एकच: रानात, समुद्रकाठी, घराच्या परसात जे जे जिवंत दिसतं ते एकमेकांना दाखवायचं आणि त्याच्याविषयी बोलायचं. त्या आठांमध्ये सहा गोरे आणि दोन मराठी डॉक्टर होते. त्यातले डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर म्हणजे प्रार्थना समाजाचे संस्थापक, व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचे बंधू. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे. मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची यादी त्यांनी १८७९ साली छापली होती. गोऱ्यांपैकी सगळ्यात रसिक माणूस एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, मिठाच्या आणि जकातीच्या खात्यातला अधिकारी. जन्म साताऱ्याचा. बंगल्यातले उंदीर, पाली, मुंग्या, कावळे यांच्यावर त्यानं लिहिलेलं पुस्तक त्याच वर्षी आलं आणि इंग्रजी वाचणारा हिंदुस्थान हसत सुटला. संस्थेचा पहिला सचिव तोच. नाव ठेवलं बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी.

या आठांच्या यादीत हर्बर्ट मसग्रेव्ह फिप्सन हे नाव नाही. संस्थापकांच्या यादीत नसलेल्या माणसावर मी एवढी पानं का खर्चतो आहे, ते पुढं कळेल.

फिप्सनसाहेब १८५० चे. १८७८ साली मुंबईत आले आणि मद्याच्या व्यापारात बसले. फिप्सन अँड कंपनी हे तेव्हाच्या कोटातल्या साहेब लोकांच्या तोंडचं नाव. महिन्या-महिन्याला भायखळ्याला जाऊन बैठका भरवणं मंडळींना जड होत होतं. कोटात कामं, भायखळा लांब, आणि आणलेले नमुने ठेवायला स्वतःची जागा नाही. जानेवारी १८८४ मध्ये फिप्सनसाहेबांनी फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या १८ नंबरच्या जागेत एक खोली देऊ केली. ही जागा आजच्या काळा घोडा भागात येते. भुसा भरलेले पक्षी, बाटल्यांतले साप आणि फुलपाखरांच्या पेट्या त्या खोलीत आल्या. दोन वर्षांत ती अपुरी पडली, म्हणून १८८६ मध्ये सगळा बाडबिस्तरा ६, अपोलो स्ट्रीट इथं हलला. तिथंही शेजार फिप्सन कंपनीचाच. म्हणजे एका बाजूला साहेब मंडळी पेट्यांनी शेरी आणि क्लॅरेट मागवत आहेत आणि दुसऱ्या बाजूला कुणी कारवारहून आणलेला साप टेबलावर सोडतो आहे. साप सोडणाऱ्यांत फिप्सनसाहेब स्वतः पुढं असत. सापांवर त्यांचा विशेष जीव. विषारी सापांवर त्यांनी संस्थेच्या नियतकालिकात लिहिलं, आणि सह्याद्रीच्या ओल्या मातीत राहणाऱ्या, गांडुळांवर जगणाऱ्या एका सापाला १८८८ साली त्यांचंच नाव मिळालं. मराठीत आपण त्याच्या जातकुळीला खापरखवल्या म्हणतो. शेपूट तिरकं छाटल्यासारखं आणि टोकाला खापरीसारखा खरखरीत भाग, त्यावर मातीचं ढेकूळ चिकटलेलं. आमच्या कोरड्या माळावर तो दिसायचा नाही, घाटात पावसाळ्यात दगड उलथला तर दिसेल.

मार्च १८८६ मध्ये एटकेननी सचिवपद सोडलं आणि ते फिप्सनकडे आलं. पुढची जवळपास वीस वर्षं ते त्यांच्याकडे राहिलं, तेही बिनपगारी.

इथं मला जरा थांबायचं आहे. हौशी माणसांच्या संस्था कशानं मरतात ते तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. पहिली दोन वर्षं उत्साह उतू जातो. मग बैठकीची सूचना वेळेवर जात नाही, वर्गणी कुणी मागत नाही, आलेलं पत्र कुणाच्या तरी खिशात राहतं, आणि तिसऱ्या वर्षी अध्यक्षांच्या घरच्या कपाटात फक्त शिक्का सापडतो. माझ्या डोळ्यांदेखत अशा चार संस्था गेल्या आहेत; त्यातल्या दोहोंचा चिटणीस मीच होतो. फिप्सनसाहेबांनी संस्थेला दिली ती नुसती खोली नव्हे. दुकान रोज उघडतं. आलेल्या पत्राला दुकानदार उत्तर देतो, कारण उत्तर दिलं नाही तर गिऱ्हाईक जातं. माल कुठून आला, कधी आला, कुणाच्या हातचा, हे तो लिहून ठेवतो. प्रत्येक बाटलीला चिठ्ठी असते. ही सवय त्यांनी उचलून रानाच्या कामाला लावली. सापाच्या बाटलीवरही चिठ्ठी आली: जागा, तारीख, कुणी पकडला. जीवशास्त्रात चिठ्ठी नसलेल्या नमुन्याची किंमत शून्य. दारूच्या दुकानातही चिठ्ठी नसलेल्या बाटलीची तीच गत.

जानेवारी १८८६ मध्ये संस्थेचं नियतकालिक सुरू झालं, ते आजही निघतं. त्यातल्या लांबलचक शास्त्रीय लेखांपेक्षा शेवटी छापल्या जाणाऱ्या किरकोळ टिपणांवर माझं जास्त प्रेम आहे. पाच ओळी, दहा ओळी. चहामळ्यावरचा मॅनेजर, रेल्वेचा इंजिनिअर, जंगलखात्याचा रेंजर, छावणीतला लष्करी डॉक्टर यांपैकी कुणीही लिहावं: अमुक तारखेला तमुक ठिकाणी अमुक जातीचा पक्षी अंडी उबवताना दिसला, एरवी इतक्या उशिरा दिसत नाही. बस्स. प्राध्यापक असण्याची अट नाही. त्या टिपणांतून देशाच्या जीवसृष्टीचा ताळेबंद तयार होत गेला. आमच्या लाल वहीचा थोरला भाऊ तो.

त्या काळचे हे बरेचसे लोक शिकारी होते, हे लपवून उपयोग नाही. पक्षी ओळखायचा तर आधी तो पाडायचा, हीच तेव्हाची रीत. दुर्बिणी होत्या, पण पुरावा म्हणजे हातात धरलेलं कातडं. आमच्या शेजारच्या नळदुर्गच्या किल्ल्यात १८५० च्या दशकात जिल्ह्याचा कारभार पाहणारे मेडोज टेलर हे असेच. पंधरा वर्षांचं पोर असताना मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या पेढीवर नोकरीला आले, पेढीत राम नाही हे बघून निजामाच्या फौजेत गेले, आणि पुढं ठगांवरच्या कादंबरीनं त्यांचं नाव झालं. वाघांच्या मागं हिंडलेला माणूस. फिप्सनच्या पिढीनं त्याच शिकाऱ्यांच्या हातात लेखणी दिली, एवढा बदल मात्र मोठा होता.

आता घरची गोष्ट. संस्थांच्या इतिहासात सचिवाच्या बायकोचं नाव बहुधा आभारप्रदर्शनातच येतं. फिप्सनसाहेबांच्या बाबतीत तसं करणं चालणार नाही, कारण बाईंचं काम त्यांच्यापेक्षा कणभर जास्तच आहे.

एडिथ पीची. १८६९ मध्ये एडिंबरा विद्यापीठात वैद्यकी शिकायला शिरलेल्या पहिल्या सात बायकांपैकी एक. रसायनशास्त्राच्या परीक्षेला पहिल्यांदाच बसणाऱ्यांत त्या सर्वांच्या पुढं होत्या. पण बक्षिसाची शिष्यवृत्ती त्यांना न देता खालच्या नंबरच्या पुरुषाला दिली गेली. पदवी शेवटी त्यांनी १८७७ मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात मिळवली. मुंबईत बायकांसाठी बाई डॉक्टर हवी म्हणून किट्रेज नावाचे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापूरजी बंगाली यांनी निधी उभारला होता. त्यातून १८८३ च्या डिसेंबरात एडिथबाई मुंबईत उतरल्या. म्हणजे ज्या हिवाळ्यात फिप्सनसाहेब दुकानातली खोली रिकामी करून देत होते, त्याच हिवाळ्यात. कामा हॉस्पिटल १८८६ मध्ये उघडलं, त्याची धुरा बाईंवर. परिचारिका तयार करणं, बाई डॉक्टरांना पुरुषांइतका पगार मागणं आणि बालविवाहाविरुद्ध उघडपणे बोलणं, हे सगळं त्या करत होत्या. मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर बसलेली पहिली बाई त्याच.

मार्च १८८९ मध्ये दोघांचं लग्न झालं. बाई नवऱ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठ्या, चाळिशी ओलांडलेल्या. आडनाव जोडून पीची-फिप्सन लावू लागल्या. त्या काळी लग्न झालेल्या मडमेनं घरी बसून पाहुणचार करावा अशी अपेक्षा असे. इथं लग्नानंतरही बाई पाच वर्षं हॉस्पिटल सांभाळत होत्या. तब्येत साथ देईना तेव्हा १८९४ मध्ये थांबल्या. १८९६ ची प्लेगची साथ आली तेव्हा पुन्हा कामाला उतरल्या. नाशिकजवळ दोघांनी आजारातून उठणाऱ्या बायका-मुलांसाठी विसाव्याची जागा उभारली. बावीस इमारतींचा तो विस्तार होता आणि पीची-फिप्सन हे नाव तिथं १९६४ पर्यंत टिकलं. दारूच्या व्यापाऱ्याचं नाव आणि डॉक्टर बाईचं नाव एका आरोग्यधामाच्या पाटीवर शेजारी शेजारी. देशी माणसाला यात विनोद दिसेल, मला संसार दिसतो.

आता सखाराम अर्जुनांकडे परत येतो, कारण धागा इथं अडकतो. संस्थेच्या आठ संस्थापकांतले हे डॉक्टर म्हणजे रखमाबाईंचे सावत्र वडील. रखमाबाईंचं अकराव्या वर्षी लग्न झालं, पण त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. माहेरी, सखाराम अर्जुनांच्या पुस्तकांच्या घरात वाढल्या. नवरा दादाजी भिकाजी यानं १८८४ मध्ये बायको नांदायला यावी म्हणून हायकोर्टात दावा लावला. एप्रिल १८८५ मध्ये सखाराम अर्जुन वारले. त्याच वर्षी न्यायमूर्ती पिन्हींनी रखमाबाईंच्या बाजूनं निकाल दिला, पण १८८७ मध्ये उलटा निकाल आला: नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या तुरुंग पत्करायला तयार झाल्या. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि पुढच्या वर्षी रखमाबाई डॉक्टर व्हायला लंडनला गेल्या. त्यांना डॉक्टर व्हावं असं सांगणारी, त्यासाठी पैसा उभा करायला धडपडणारी बाई म्हणजे एडिथ पीची. १८९४ मध्ये शिक्षण पुरं करून आल्यावर रखमाबाईंनी सुरत आणि राजकोट इथं निवृत्त होईपर्यंत बायकांची हॉस्पिटलं चालवली.

सखाराम अर्जुनांनी एका नव्या संस्थेत वनस्पतींची हौस जपली. त्या संस्थेचा पुढचा सचिव ज्या बाईशी लग्न करणार होता, तिनं सखाराम अर्जुनांच्या मुलीला वाट करून दिली. हे कुणी ठरवून केलं नाही. मुंबई तेव्हा छोटी होती आणि बैठकीच्या खोल्या त्याहून छोट्या.

१९०५ मध्ये फिप्सन दांपत्य हिंदुस्थान सोडून गेलं. बाई विलायतेत गेल्यावर मतदानाच्या हक्कासाठी मोर्च्यात चालल्या, १९०७ च्या चिखलातल्या त्या प्रसिद्ध मोर्च्यात. एप्रिल १९०८ मध्ये कर्करोगानं गेल्या. फिप्सनसाहेबांनी त्यांच्या नावे लंडनच्या बायकांच्या वैद्यकीय शाळेत शिष्यवृत्ती ठेवली. ज्या बाईला तरुणपणी हक्काची शिष्यवृत्ती मिळाली नाही, तिच्या नावाची ती शिष्यवृत्ती पुढं १९४८ पर्यंत मुलींना मिळत राहिली. फिप्सनसाहेब त्यानंतर अठ्ठावीस वर्षं जगले आणि १९३६ मध्ये गेले.

दुकान मात्र चालू होतं. फिप्सनच्या हाताखाली वॉल्टर मिलर्ड नावाचे गृहस्थ होते. विसाव्या वर्षी, १८८४ मध्ये, दारूच्या पेढीवर काम करायला म्हणून हिंदुस्थानात आले आणि मालकाकडून धंदा आणि छंद दोन्ही शिकले. मालक गेल्यावर पेढी आणि संस्था दोन्ही त्यांनी सांभाळल्या. १९२० पर्यंत तेच सचिव. देशातल्या सस्तन प्राण्यांची मोजदाद १९११ मध्ये सुरू झाली ती त्यांच्या रेट्यानं. झाडांवर त्यांचा जीव होता. फादर ब्लॅटर यांच्यासोबत भारतातल्या सुंदर झाडांवरचं जे पुस्तक त्यांनी केलं, ते अजून लोक चाळतात.

मिलर्डसाहेबांच्या खुर्चीमागं एक पिंजरा होता. त्यात विल्यम राहत असे. विल्यम म्हणजे धनेश, त्यातलाही आपल्याकडच्या सगळ्यात मोठ्या जातीचा: पिवळी वाकडी चोच आणि तिच्यावर शिरस्त्राणासारखं शिंग. मे १८९४ मध्ये जन्मलेलं हे पिल्लू तीन महिन्यांनी कारवारहून संस्थेला भेट आलं. तिसऱ्या वर्षी त्याची लांबी सव्वाचार फूट भरली. उंबर, केळी ही फळं तर तो खाईच, शिवाय जिवंत उंदीर, विंचू आणि कच्चं मांसही खाई. कल्पना करा, व्यापारी माणूस हिशेबाच्या वहीवर वाकला आहे, समोर गिऱ्हाईक बसलं आहे, आणि मागून लाकूड आपटल्यासारखा आवाज येतो. गिऱ्हाईक दचकतं. मिलर्डसाहेब मान न वळवता वाटीतलं उंबर मागं टाकतात. दुकानातले लोक त्याला चेष्टेनं ऑफिसची कॅनरी म्हणत. सव्वीस वर्षं हा पक्षी त्या दुकानात राहिला आणि १९२० मध्ये तारेचा तुकडा गिळल्यामुळं मेला. मिलर्डही त्याच वर्षी निवृत्त झाले. संस्थेच्या चिन्हावर आज धनेश आहे, तिच्या त्रैमासिकाचं नाव हॉर्नबिल, आणि काळा घोड्याजवळच्या तिच्या इमारतीचं नाव हॉर्नबिल हाऊस. लोकांना वाटतं, मोठा देखणा पक्षी म्हणून निवडला असेल. तो निवडलेला नाही, तो कर्मचारी होता.

त्या खोलीत १९०८ मध्ये बारा वर्षांचा एक मुलगा घाबरत घाबरत आला. हातात मेलेली चिमणी. एअरगननं पाडलेली, पण गळ्यावर पिवळा ठिपका, म्हणून खावी की नाही असा घरात प्रश्न पडला होता. मामांनी सांगितलं, संस्थेत जाऊन विचार. मिलर्डसाहेबांनी चिमणी हातात घेतली, ती रानचिमणी असल्याचं सांगितलं, आणि मुलाला कपाटं उघडून ओळीनं मांडलेले चिमण्यांचे नमुने दाखवले. पुस्तकंही वाचायला दिली. हा मुलगा म्हणजे सलीम अली. दुकानदारानं त्या दिवशी ‘सचिव कामात आहेत’ असा निरोप दिला असता तर काय झालं असतं, ते मी लिहीत बसत नाही. तुम्हीच विचार करा.

सलीम अली स्वतः व्यापारी होऊ शकले नाहीत. १९१४ मध्ये घरच्या लाकडाच्या आणि खाणीच्या धंद्यासाठी ब्रह्मदेशात तवायला गेले, पण धंद्यापेक्षा रानातच जास्त रमले. धंदा बसला. मुंबईत येऊन व्यापाराचं शिक्षण घेतलं, तहमिनाबाईंशी लग्न केलं, पुन्हा ब्रह्मदेशात गेले, पुन्हा धंदा बसला. फिप्सनना दोन्ही जमलं, यांना एकच जमलं. पण तो एक छंद असा चालवला की धंद्यात बुडालेलं सगळं भरून निघालं.

आणि इथं ही गोष्ट आमच्या दारात येते. १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांचं सर्वेक्षण संस्थेनं हाती घेतलं आणि ते काम सलीम अलींकडे दिलं. आमचा हा जिल्हा तेव्हा निजामाच्या मुलखात होता. सोलापूर इंग्रजांचं, नळदुर्ग निजामाचं, मध्ये नाका. तहमिनाबाई तंबूत राहून, बैलगाड्यांतून सामान हलवत त्यांच्याबरोबर हिंडल्या. त्या सर्वेक्षणाचे लेख संस्थेच्या नियतकालिकात क्रमाने छापून आले. त्यामुळं दख्खनच्या पठारावर कोणते पक्षी राहतात याची पहिली पद्धतशीर नोंद झाली. आज आम्ही माळावर धाविक पाहतो आणि वहीत मांडतो, ती नोंद कुठं बसते हे आम्हाला त्या लेखांवरून कळतं.

पुढं देशाचा राष्ट्रीय पक्षी ठरवायची वेळ आली तेव्हा सलीम अलींनी माळढोकाचं नाव पुढं केलं होतं. मान मोराला मिळाला. माळढोक आमच्या माळाचा राजा. काही भागांत त्याला हूम म्हणतात, कारण नर विणीच्या दिवसांत गळ्यातून तसा घुमारा काढतो. पंधरा किलोपर्यंत भरणारा पक्षी, बहुधा एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर तो दिसायचा, म्हणून १९७९ मध्ये तिथं अभयारण्य झालं. कागदावर त्याची हद्द ८,४९६ चौरस किलोमीटर होती. म्हणजे गावंच्या गावं, तालुकेच्या तालुके त्यात आले, जमीन विकायची तरी अडचण. पक्ष्याबद्दल लोकांच्या मनात राग बसला तो तिथूनच. पुढं हद्द कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली. १९८१ पासून संस्थेच्या माणसांनी माळढोकावर वर्षानुवर्षं काम केलं. मात्र पक्षी घटत गेला. कालवे आले, द्राक्षबागा आल्या, विजेच्या तारा आल्या आणि मोकळा माळ उरला नाही. कुणी मुद्दाम मारला असं म्हणता येत नाही, आणि कुणी मारला नाही असंही म्हणता येत नाही.

आमच्या वहीत माळढोक नाही. मी हे लाजेनं लिहितो आणि त्यात आमचा दोष किती हे ठरवता येत नाही. माळटिटवी आहे. पखुर्डी आहे, संध्याकाळी पाणवठ्यावर येते ती. तास आहे, कापशी आहे, चंडोल तर रोजचाच. ज्वारी निसवायला लागली की भोवत्या येतात, उत्तरेकडून हजारो मैल उडून येतात आणि इथं टोळ खातात. गेल्या रब्बीत एक शेतकरी हरभऱ्यावरच्या अळीचं औषध घ्यायला शेठकडे आला. बिल मांडता मांडता शेठ म्हणाले, “तात्या, तुमच्या रानात पांढरट घारीसारखं काही फिरतं का हो?” तात्या म्हणाले, “फिरतंय की. टोळ टिपतंय. सांजच्याला गवतात बसतंय, दहा-बारा असतील.” शेठनी बिलाचा कागद बाजूला ठेवला आणि आमची लाल वही ओढली. नावेच्या बाजूला तारीख, गट नंबर. जमेच्या बाजूला लिहिलं: भोवत्या, दहा-बारा, गवतात मुक्कामी. मग औषधाची बाटली पुन्हा फडताळात ठेवून म्हणाले, “तात्या, चार दिवस थांबा. नाही गेली अळी तर घेऊन जा.”

तात्या बाटली न घेता गेले. ती विक्री त्या दिवशी झाली नाही, हेही शेठनी वहीत लिहिलं आहे, कोपऱ्यात, पेन्सिलीनं. पाच दिवसांनी तात्या परत आले. बाटली घेतली की नाही, ते मला आठवत नाही. वहीच्या त्या पानावर चहाचा डाग पडला आहे.